पपईच्या देठातून निघालेली रांगोळी

महानंदानं पपईच्या पानाचा पोकळ देठ ओठांत धरला आणि फुंकलं. काचेच्या पेल्यातलं पाणी बुडबुडलं. मारुतीच्या पारापुढं सगळं गाव गोळा झालं होतं. बाया पुढं, गडी मागं, आणि खोकणाऱ्या बाया सगळ्यांत पुढं, तोंडाला पदर लावून. बघता बघता पेल्यातलं नितळ पाणी गढुळलं आणि मग दुधासारखं पांढरं झालं.

"निघाली," कुणीतरी पुटपुटलं. "रांगुळी निघाली बघ छातीतली."

श्वासनाथ महाराजांनी पेला उन्हात धरून चारी दिशांना फिरवला. "बघा. मोठ्या दवाखान्यातलं यंतर नुसता फोटू काढतंय. फोटू काढून कुणाचा रोग गेलाय का? तुमच्या घरात भिंतीवर फोटू हाईत, त्यातलं एक तरी माणूस उठून जेवायला आलं का?"

लोक हसले. हसू ओसरायच्या आत महाराज मंत्र सुरू करत. त्यात संस्कृत थोडं, कानडी जास्त आणि मधेच 'ऑक्सिजन' असा एक शब्द येई. मंत्र संपला की पांढरं पाणी पितळी ताटात ओतलं जाई. ताट वाळलं की तळाशी जी पांढरी भुकटी उरे तिची पुडी बांधून त्या त्या बाईच्या हाती देत. ही तुझी रांगोळी, तुझ्या फुप्फुसातली. जप.

ते पितळी ताट धरून महाराजांच्या उजव्या हाताला माझी आई बसली होती. चांगुणाबाई, रांगोळी मंडळाची चेअरमन. मी उमरग्याच्या शाळेत शिकवत होते आणि रविवारी गावी आले होते. गर्दीच्या कडेला उभी राहून मी आईकडं बघत होते. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी कैक वर्षांत पाहिलं नव्हतं.

हे सन ऐंशीचं.

आमचं गाव सास्तूरच्या अलीकडं, माळरानावरचं. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या बायांनी सरकारी कामावर खडी फोडली. दुष्काळ सरला, काम बंद झालं, पण जमिनी काही हिरव्या झाल्या नाहीत. तेव्हा आईच्या डोक्यात सहकारी मंडळाची कल्पना आली. माळावर गारगोट्यांचा खच पडलेला. जुन्या बायका सणासुदीला तीच गारगोटी भाजून, कांडून रांगोळी करत. मग तीच विकायला का करू नये? आईनं दारोदार फिरून बाया जमवल्या. सरपंच हिंमतरावांनी पडीक गोदाम दिलं. गारगोटी भट्टीत लाल करायची, पाण्यात टाकायची, तडकली की उखळात कांडायची आणि पातळ लुगड्यातून चाळायची. माल सोलापूरला जाई, हैदराबादच्या ट्रकवर चढून तिकडंही जाई.

बारीक रांगोळीला मागणी फार. वारा आला की तीच आधी उडून जाई. म्हणून आईनं गोदामाच्या खिडक्यांना पोती ठोकली आणि दार लोटून घ्यायला लावलं. आत धुकं भरावं तशी पांढरी धूळ. बाया एकमेकींना बघून हसायच्या, "आगं, पिठाची भूतं झालो की आपन." दारात पहिली ओळ काढतात ती रांगोळीची. तिच्यापासून कुणाला काही बाधेल, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

पाचेक वर्षांत खोकला सुरू झाला. आधी बनाबाई गेली, मग दगडाबाई. महानंदा सगळ्यांत धाकटी. तिची सासू तिला घराबाहेर पाठवायला तयार नव्हती, तर आई स्वतः त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली होती: "पोरगी माझ्या नजरंखाली ऱ्हाईल, काळजी करू नगा." त्या महानंदाच्या थुंकीत क्षय निघाला. उमरग्याच्या दवाखान्यात तिला इंजेक्शनं सुरू झाली. आईलाही चढ चढताना दम लागायचा, पण ती ते कबूल करायची नाही.

आणि मग महाराज आले.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी विचारलं, "माय, महानंदाची इंजेक्शनं का बंद केलीस?"

"म्या न्हाय केली. महाराज म्हनले, आतली धूळ निघायलीय, अशात सुई टोचली तर वारं फुटून धूळ आतच बसतीया."

"आणि तू ऐकलंस?"

"तू बघितलीस न्हवं तिला? गाल कसे भरलेत. भूक लागतीया, खोकला उतरलाय. तुझ्या दवाखान्यानं काय दिलं? कानात गुंईगुंई आन ढुंगनाला गाठी."

महानंदाचा चेहरा खरंच भरला होता, पण हातपाय काडीसारखेच होते. चेहरा तेवढा गोल आणि लालसर, कुणी वेगळा आणून बसवल्यासारखा. महाराज तिला रोज घ्यायला भस्माच्या पुड्या देत.

"माय, छातीतली धूळ अशी फुंकून बाहेर येत नसते."

"येतीया की. डोळ्यांनी बघतोय आमी." ती उठली आणि भांडी गोळा करू लागली. मग माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "यऊ दे की गं. तुझं काय जातंय?"

तिच्या आवाजात विनवणी होती. ती मला ऐकू आली आणि मी गप्प बसले.

संध्याकाळी ते ताट मीच विसळलं. महाराज ज्यातून पेला भरत त्या कमंडलूच्या तळाशी थोडं तीर्थ उरलं होतं. प्यायचं नाही, शिवायचं नाही, असं ते दर वेळी बजावत. तीर्थ प्यायचं नसेल तर असतं कशाला, म्हणून मी बोट बुडवून जिभेला लावलं. जीभ चरचरली. विड्यात चुना जास्त झाला की चरचरते तशी.

दुसऱ्या दिवशी मी महानंदाला उमरग्याला नेलं. तिच्या सासूला सांगितलं की माझ्याबरोबर बाजाराला येतेय. डॉक्टर वीरभद्र हे उमरग्यातले जुने डॉक्टर. त्यांनी महानंदाचा चेहरा पाहिला आणि तपासायच्या आधीच विचारलं, "कसली पूड खातेस बाई?"

त्यांनी छातीचा फोटो काढला आणि तो उजेडासमोर धरला. काळ्या फुप्फुसांत ज्वारीचे दाणे विखुरल्यासारखे पांढरे ठिपके होते.

"ही गारगोटीची धूळ का?" मी विचारलं.

"धूळ इतकी बारीक की फोटोत दिसणार नाही. हे दिसतात ते वण." ते महानंदाकडं वळले. त्यांना तिलाच समजावून सांगायचं होतं. "बाई, आपल्या फुप्फुसात राखण करणाऱ्या पेशी असतात. बाहेरून जे काही आत येईल, जंतू, धूळ, धूर, ते त्या गिळतात. रस्त्याची धूळ गिळून वर ढकलतात, ती बेडक्यातून पडते. गारगोटीच्या बारीक कणाचं तसं होत नाही. पेशी तो गिळते, पण तिला तो पचत नाही. त्यानंच ती फुटते. फुटताना तिच्या पोटातलं जहाल पाणी आजूबाजूला सांडतं आणि कण पुन्हा मोकळा होतो. मग त्याला दुसरी पेशी गिळते, तीही फुटते. मरताना त्या आणखी पेशींना बोलावून घेतात."

"मंग?"

"मग शरीराला वाटतं, इथं जखम झालीय. जखम भरणाऱ्या पेशी येतात आणि तिथं धागे विणतात. पायाला कुऱ्हाड लागली तर कातडीवर वण उठतो ना, तसा वण आत उठतो. मऊ फुप्फुसाच्या जागी घट्ट गाठी होतात. त्यांत हवा शिरत नाही."

"काम सोडलं की थांबतं का?" मी विचारलं.

"बरेचदा नाही. कण आतच असतात. पेशी त्यांना गिळत राहतात, कारण दुसरं काही त्यांना येतच नाही. हे सगळं नेमकं कसं घडतं ते आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही. पण एवढं नक्की, की धुळीपेक्षा जास्त नुकसान हे राखणदार करतात, राखण करता करता."

महानंदानं आपल्या गालाला हात लावून पाहिला. "पर मला तर बरं वाटायलंय की, डाक्टरसाब."

"वाटणारच. पुडीत स्टिरॉइड असावं. तपासल्याशिवाय खात्रीनं सांगणार नाही, पण तुझा चेहरा सांगतोय. हे चेहरा भरणं नाही, ही सूज आहे. त्या औषधानं राखणदार सुस्तावतात. ते सुस्तावले की खोकला कमी होतो, ताप उतरतो, भूक लागते. पण क्षयाच्या जंतूला कोंडून ठेवणारेही तेच. गारगोटीनं ते आधीच अर्धे मारलेत. उरलेले या पुडीनं झोपवले. आता जंतूला अडवायला कुणी नाही."

"आन पान्यात पांढरं येतंय ते?"

"ते मी बघितलेलं नाही. मला ठाऊक नाही."

डॉक्टरांनी क्षयाची औषधं पुन्हा लिहून दिली. पूड एकदम सोडायची नाही, तेच औषध मोजून देऊन हळूहळू कमी करू, असं सांगितलं. बाहेर आल्यावर महानंदा म्हणाली, "म्या सुई घेईन. पर चांगुणाकाकू व्हय म्हनल्या तरच. त्यांच्या शब्दाबाहेर आमी कुनी न्हाय."

पाण्यात पांढरं काय येतं याचं उत्तर मला जिभेनं आधीच दिलं होतं. मी कळीचा चुना आणून पाण्यात कालवला, झाकून ठेवला. सकाळी वरची निवळी अलगद काढून घेतली. ती झऱ्याच्या पाण्यासारखी दिसत होती. शाळेमागच्या पपईचा देठ तोडून मी तिच्यात फुंकलं. पाणी दुधी झालं. मी आयुष्यात कधी रांगोळी कांडली नव्हती. आईनं मला गोदामात पाऊलसुद्धा टाकू दिलं नव्हतं, अभ्यास कर म्हणून. आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याच्या निवळीत मिसळला की खडूसारखा पांढरा साका तयार होतो. शाळेतली पोरं हा प्रयोग करतात आणि परीक्षेत त्याची आकृती काढतात. मी स्वतः काढली होती. एवढं शिकून पारापुढं उभी असताना मला ती आठवली नव्हती.

पेला समोर ठेवून मी बराच वेळ बसले. मंडळातल्या बायांना काय सांगायचं हे मला ठाऊक होतं. आईला काय सांगायचं ते सुचत नव्हतं. छातीतली धूळ पेल्यात उतरते, या एका गोष्टीवर ती रात्री झोपत होती.

पुढच्या रविवारी पारापुढं पुन्हा गर्दी. महाराजांनी महानंदाला हाक मारली. ती उठली नाही. मी पुढं झाले.

"महाराज, आज दुसऱ्या कुणाला फुंकू द्या. ज्यानं कधी रांगोळी कांडली नाही अशाला. आमच्या हिंमतरावांना."

"मला?" सरपंच दचकले. "म्या तर खोकतबी न्हाय."

"म्हणूनच, अण्णा."

गर्दीतून कुणी ओरडलं, "फुका की सरपंच. भाषनात फुकताच की."

हशा पिकला. हिंमतरावांना उठावंच लागलं. मिशीला देठ लागू नये म्हणून त्यांनी मान वाकडी केली आणि फुंकलं. त्यांचा दम चांगला होता. पाणी महानंदापेक्षा लवकर पांढरं झालं.

"अण्णा, कवा कांडत हुता ओ? वहिनीला म्हाईत हाय का?" प्रेमाबाई नावाच्या म्हातारीनं विचारलं. ती स्वतः मंडळातली, दोन शब्दांमागं एकदा खोकणारी. पुन्हा हशा झाला. पण तो महाराजांवर नव्हता, सरपंचांवर होता, आणि महाराजांनी ते बरोबर ओळखलं.

"ह्यात हसन्यासारखं काय न्हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "ज्या गावात रांगोळी कांडतात त्या गावचा वारा सगळेच पितात. सरपंचांच्या छातीतबी हाय. म्या सांगनारच हुतो, पर मोठा मानूस, वाईट वाटंल म्हनून थांबलो हुतो."

हिंमतरावांनी घाबरून छातीला हात लावला. मी म्हटलं, "मी उमरग्याला राहते. मी फुंकते."

"तू ह्याच गावची लेक हाईस की. मायच्या दुधातनं आली."

"मग तुम्ही फुंका. तुम्ही तर परगावचे."

"माझा श्वास विश्वाचा हाय, मास्तरीनबाई. त्यात सगळ्या जगाची धूळ हाय. पेला फुटंल."

लोकांनी माना डोलावल्या. मी चुन्याची निवळी आणली होती, ती दाखवली, कार्बन डायऑक्साइड सांगितला. महाराज हात जोडून म्हणाले, "तेच तर. कारबन म्हंजे कोळसा. भट्टीतला कोळसाबी आत बसलाय. ह्यो पुढच्या रविवारी काढू." मी जे जे बोलले ते त्यांनी उचललं आणि आपल्या झोळीत टाकलं. माझ्या हातात पेला तसाच राहिला.

तेव्हा आई उठली. ताट तिनं खाली ठेवलं. कमरेच्या पिशवीतून रांगोळीची एक पुडी काढली. तिची स्वतःची, पहिल्या दिवशीची. चिमूटभर भुकटी अंगठा आणि बोटामधे घेऊन ती चोळू लागली. गोदामात आलेला सगळा माल ती अशीच पारखत असे.

"गारगुटी बोटाला चावतीया," ती म्हणाली. तिला जोरात बोलता येत नव्हतं, म्हणून माणसं आपोआप गप्प झाली. "कितीबी बारीक करा, चावतीया. ही चावत न्हाय. ही चुन्याची भुकटी हाय. मऊ."

"चांगुणाबाई, मंत्रानं मऊ झाली ती," महाराज म्हणाले.

"पयल्याच दिशी वळकलं हुतं म्या, महाराज." तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पुढं बसलेल्या बायांकडं पाहिलं. "वळकलं आन गप बसले. तुमाला वाटत हुतं की निघतीया, तर मलाबी वाटू दिलं. बनाबाईला म्याच बोलावून आनलं हुतं. दगडाबाईलाबी. महानंदे, तुझ्या सासूच्या ओसरीवर म्या बसले हुते. मला लई गरज हुती गं हे खरं असायची."

मग प्रेमाबाईनं आपल्या कनवटीची पुडी सोडली आणि बोटांत चोळली. तिच्या शेजारणीनं चोळली. वर्षानुवर्षं चाळणाऱ्या त्या बोटांना आता कुणी सांगायची गरज नव्हती. महाराजांनी मंत्र सुरू केला, पण तो ऐकायला कुणी वर पाहिलं नाही. दुपारच्या गाडीनं ते गेले. दक्षिणेत मिळालेलं ज्वारीचं पोतं राहिलं, कमंडलू राहिला.

महानंदा आईजवळ येऊन उभी राहिली. "काकू, सुई घिऊ का?"

"घे," आई म्हणाली. "म्या यीन संगं."

घरी आल्यावर आईनं मला समोर बसवलं. "डाक्टर काय म्हनले ते सगळं सांग. कमी करू नगंस."

मी पेशींचं सांगितलं. गिळणं, फुटणं, धागे विणणं. ती लक्ष देऊन ऐकत होती. "म्हंजे निघत न्हाय ती धूळ."

"नाही."

"खिडक्यांना पोती ठोकली नसती तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. महाराज कसे खोटं बोलतात हे तासाभरापूर्वी मी जगाला ओरडून सांगत होते. "कमी गेली असती, माय," मी म्हटलं. "उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून तुम्ही बसला असतात, तर बरीच कमी."

तिनं मान हलवली. त्यानंतर तिनं हा विषय कधी काढला नाही. मंडळानं गोदामाला कुलूप घातलं. महानंदाबरोबर ती गाडीनं उमरग्याला जात राहिली, महानंदाला नको म्हणायला जागा राहू नये म्हणून. महानंदाचा क्षय हटला. वण आहेत, विहिरीवरून एक घागर आणताना ती दोनदा टेकते, पण ती आहे. आईला तिनंच खांदा द्यायचा हट्ट धरला, आणि गडी माणसांनी वाट करून दिली. त्याला आता सहा महिने झाले.

आई गेल्यापासून लोक मला म्हणतात, एवढी शहाणी बाई बुवाच्या नादी कशी लागली. ती फसली नव्हती. तिची बोटं पहिल्याच दिवशी खरं बोलली होती. पण ज्याच्या मनावर मोठं ओझं असतं, त्याला ते उतरवून देणारा कुणीही भेटला तरी तो आपल्या बोटांवरसुद्धा विश्वास ठेवत नाही. बुवांना हे पक्कं ठाऊक असतं. चुना आणि स्टिरॉइड ही त्यांची हत्यारं दुय्यम. मीही त्या दुपारी तिची विनवणी ऐकून गप्प बसले होते, आणि तो आठवडाभर महानंदा पूड खातच होती.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. आजारी माणसाच्या फुंकीनं पाणी पांढरं झालं, तर जयजयकार करण्याआधी धडधाकट माणसालाही फुंकायला लावा. अंगात तरतरी आली, तर पुडीत काय आहे ते विचारा, आणि सांगत नसतील तर ती डॉक्टरला दाखवा. चालू असलेलं औषध कुणाच्याही शब्दानं बंद करू नका. गारगोटी, दगड, खडी, विहिरीच्या खडकात छिद्रं पाडण्याचं काम, जिथं बारीक धूळ उडते तिथं दारं-खिडक्या उघडा, पाणी मारा, वाऱ्याकडं पाठ करा. आत गेलेली धूळ काढून देणारा अजून कुणी जन्मलेला नाही. ती आत जाऊ न देणं मात्र आपल्याला करता येतं, आणि आम्हाला ते करता आलं असतं.